भाडोत्री की पदरी?

अठराव्या शतकातल्या रशियावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना एका वाचकाला 'रशियन सेवेतला जर्मन जनरल मिनिख' असा उल्लेख सापडला. त्याचं मराठी 'रशियाचा भाडोत्री जर्मन सेनापती' असं केलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझ्या मते चालणार नाही. 'भाडोत्री'च्या मुळाशी भाडं आहे. भाड्याची वस्तू काम झालं की मूळ मालकाकडे परत जाते. हा शब्द माणसाला लावला की त्यात तुच्छताही येते: याला पैशाशी मतलब, निष्ठेशी नाही. मिनिखचं आयुष्य पाहिलं तर हे दोन्ही अर्थ त्याला बसत नाहीत.

बुर्खार्ड क्रिस्टोफ फोन म्युनिख १६८३ साली ओल्डेनबुर्गमध्ये जन्मला. रशियन उच्चार 'मिनिख', आणि मराठीतही तोच लिहावा, म्हणजे म्युनिक शहराशी गल्लत होत नाही. तरुणपणी तो हेस या जर्मन संस्थानाच्या फौजेत होता. तिथल्या पलटणी राजे लोक खरोखरच दुसऱ्या सत्तांना पैसे घेऊन देत. त्या फौजेला 'भाडोत्री' म्हटलंत तर माझी हरकत नाही. पुढे तो पोलंड-सॅक्सनीच्या राजाकडे गेला आणि १७२१ साली पीटर द ग्रेटच्या रशियात आला. १७६७ साली वारला तोही तिथेच. मधली शेहेचाळीस वर्षं कोणी भाड्याने राहत नाही.

त्याने लादोगा कालवा पुरा केला. उमरावांच्या मुलांसाठी कॅडेट शाळा उभी केली. १७३६ साली पेरेकोपची संयोगभूमी ओलांडून क्रिमियात सैन्य नेलं, तिथे लढाईपेक्षा रोगराईने जास्त माणसं मेली, आणि हा डाग त्याच्या नावावर आहेच. पण आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट वेगळी आहे. पीटरच्या काळापासून परदेशी अधिकाऱ्याला त्याच हुद्द्यावरच्या रशियन अधिकाऱ्यापेक्षा जास्त पगार मिळे. हा फरक मिनिखने मोडला आणि रशियनांचा पगार परदेशी लोकांच्या बरोबरीला आणला. स्वतः परदेशी असून! 'भाडोत्री' शब्द इथेच गळून पडतो.

मग शब्द कोणता? आपल्याकडे तो तयार आहे: 'पदरी'. रशियन भाषेत यासाठी 'स्लुझ्बा' म्हणतात, आणि चर्चमधल्या उपासनेलाही तोच शब्द आहे, जसं आपण देवाचीही सेवा करतो आणि सरकारचीही. 'सेवेत' चूक नाही, पण आज ते वाचलं की निवृत्तिवेतन आठवतं. 'पदरी'त धनी आणि माणूस यांचं नातं दिसतं. असईच्या लढाईत १८०३ साली शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमान हॅनोव्हरचा जर्मन होता. त्याला आपण 'शिंद्यांच्या पदरी असलेला' म्हणतो आणि कोणाला खटकत नाही.

पदराखाली आसरा असतो, तसा पदर झटकलाही जातो. १७४० साली मिनिखने बालसम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या रीजंट बिरोनला मध्यरात्री अटक करवली. पुढच्या वर्षी पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ गादीवर आली आणि मिनिखलाच देहान्ताची शिक्षा झाली. वधस्तंभापाशी ती रद्द होऊन त्याला सायबेरियातल्या पेलिमला धाडलं. बिरोनच्या कैदेसाठी मिनिखनेच आखलेल्या घरात त्याला राहावं लागलं, असं सांगतात. तिथे वीस वर्षं. तिसऱ्या पीटरने १७६२ साली परत बोलावलं तेव्हा तो जवळजवळ एकोणऐंशीचा होता. त्याच उन्हाळ्यात पीटरची बायको कॅथरीन हिने त्याची सत्ता उलथली, आणि ज्याने सोडवलं त्याच्या बाजूने हा म्हातारा शेवटपर्यंत उभा राहिला. कॅथरीनने त्याला माफ करून बंदरांचं काम सोपवलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागणं, हे 'पदरी' शब्दात आपोआप येतं.

एक मर्यादा मात्र सांगतो. 'पदरी'ला धनी लागतो, राजा किंवा सरदार. विसाव्या शतकातल्या सेनाधिकाऱ्याला तो लावू नये. तिथे 'रशियन सैन्यातला जर्मन जनरल' एवढं पुरे.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'रशियाच्या सम्राज्ञीच्या पदरी असलेला जर्मन फील्ड मार्शल मिनिख'. 'जनरल'ऐवजी 'फील्ड मार्शल' अशासाठी की १७३२ पासून त्याचा हुद्दा तोच होता. लेखातला प्रसंग त्याआधीचा असेल तर 'जनरल' ठेवा, आणि १७३०च्या आधीचा असेल तर तेव्हा गादीवर सम्राट होता की सम्राज्ञी ते एकदा तपासा.