सभासदांची सिगारेट सोडवू पाहणाऱ्या नव्या युनियन प्रतिनिधीस

सभासदांना धूम्रपान सोडायला मदत करण्याचे काम तुम्ही हाती घेतले आहे, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्याला दोषी ठरवणारा एकही शब्द तोंडून जाऊ देऊ नका. तुम्ही आपल्या बाजूचे आहात या भरवशावरच सभासद मोकळेपणाने बोलतो. म्हणून मदत मागणाऱ्यांची नावे व्यवस्थापनाच्या हाती पडणार नाहीत, ही काळजी आधी घ्या.

निकोटिन सुटल्यावरची चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण २ ते ४ आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, आणि ती नेमकी मधल्या सुट्टीत, सोबतचा कामगार पाकीट पुढे करतो तेव्हा येते. त्या वेळी त्याच पाळीतला, आधी सिगारेट सोडलेला एखादा सहकारी शेजारी असला तर ती निभावून नेता येते, हे मी वारंवार पाहिले आहे. निकोटिनचे पॅच, च्युइंगम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांचा खर्च, तसेच समुपदेशनासाठी भरपगारी वेळ, या मागण्या वाटाघाटींच्या मसुद्यात घाला. निव्वळ भित्तिपत्रकांनी भागत नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हे की ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा धूम्रपानही करत असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहूनही अधिक वाढतो. सिगारेटचे निमित्त करून मालक धुळीची जबाबदारी झटकू लागला, तर ते मुळीच खपवून घेऊ नका. दोन्ही विषय एकाच बैठकीत मांडा.