फोनवरचा हुकूम आणि एलएल.बी.चा अर्ज

सप्रेम नमस्कार.

सुदामा नगरातून आलेले आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. आपण बावीस वर्षांपासून इंदुरात केबलचा व्यवसाय करता. कन्या राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रसारमाध्यमांचा कायदा शिकायचा आहे, तर आपली इच्छा तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी आहे. ता. क. म्हणून आपण एक प्रसंगही लिहिला आहे. तीन वर्षांपूर्वी सणासुदीच्या दिवसांत एका कार्यालयातून फोन आला, आपण स्थानिक चॅनेल दोन दिवस बंद ठेवले आणि त्याचा कागद आजतागायत आला नाही. 'जिथे एका फोनवर चॅनेल बंद होते, तिथे कायदा शिकून मुलगी काय करणार?' हा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते या ता. क.मध्येच तिचा अभ्यासक्रम सामावलेला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या कंट्रोल रूममध्ये नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले असेलच. पूर्वी ते दरवर्षी हेड पोस्ट ऑफिसात 500 रुपये भरून नवे करून घ्यावे लागे आणि 2025 पासून ते माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवरून पाच वर्षांसाठी मिळते. हे प्रमाणपत्र केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम, 1995 याखालचे आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याला सार्वजनिक हितासाठी एखादा कार्यक्रम किंवा चॅनेल दाखवण्यास केबल ऑपरेटरला मनाई करता येते. मात्र त्यासाठी ते प्रक्षेपण कार्यक्रम-संहितेला (काय दाखवू नये याच्या नियमांना) धरून नसावे किंवा त्यामुळे धर्म, भाषा, जात अशा कारणांवरून वैर वाढण्याची वा सार्वजनिक शांतता भंगण्याची शक्यता असावी, अशी अट आहे. प्राधिकृत अधिकारी कोण, हेही अधिनियमातच लिहिले आहे: प्रामुख्याने जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, आणि सरकारने अधिसूचित केलेला अन्य अधिकारी. (इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तही आहेत, म्हणजे आपल्याकडे हे तिन्ही झाले.) ही मनाई 'आदेशाद्वारे' करायची असते. फोन करणारी व्यक्ती अशी प्राधिकृत अधिकारी होती का, आदेश निघाला होता का, निघाला असल्यास त्यात कोणते कारण होते, हे तीन प्रश्न त्या दिवशी कोणी विचारले नाहीत. ते नम्रपणे, लेखी आणि वेळेवर विचारणे हेच या शाखेतील वकिलाचे रोजचे काम आहे.

सरकारचा हात चॅनेलपर्यंत इतक्या सहज का पोहोचतो, याविषयी आपण त्राग्याने लिहिले आहे. राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. ते अनुच्छेद 19(1)(अ) मधील भाषणस्वातंत्र्यातूनच निघते आणि त्यावर केवळ 19(2) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात. या बाबतीत मराठी माणसाला जवळचा खटला पुण्याच्या 'सकाळ'चा आहे. पानांच्या संख्येवर वृत्तपत्राची किंमत ठरवणारा सरकारी आदेश 1960 मध्ये निघाला, म्हणजे पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा आणि किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करा. लहान वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवणे हा हेतू चांगला असला तरी तो 19(2) मध्ये बसत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तो आदेश आणि त्यामागचा कायदा रद्द ठरवला. छापील वृत्तपत्राला आजही परवाना लागत नाही, नोंदणी पुरते.

चॅनेलचे तसे नाही. 1993 च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. त्यात फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल देताना न्यायालयाने एकीकडे प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यामुळे तिच्या वापराचे नियमन हवे असे म्हटले आणि दुसरीकडे ते नियमन सरकारच्या हाती न राहता स्वतंत्र, स्वायत्त संस्थेकडे असावे असेही बजावले. पहिला अर्धा भाग सरकारांनी आनंदाने उचलला. दुसऱ्याचे काय झाले, ते आपण जाणताच: सर्व खाजगी चॅनेलवर अधिकार असलेली तशी स्वतंत्र संस्था अजून झालेली नाही आणि अपलिंकिंगची, म्हणजे चॅनेल उपग्रहावर पाठवण्याची, परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालयच देते. घरचे उदाहरण हवे असल्यास, इंदुरात 2001 पासून खाजगी एफएम आहे, पण त्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा ऐकवता येतात. या बंदीला पटणारे कारण मला आजवर सापडलेले नाही.

तरीही हे क्षेत्र निराशेचे आहे, असे मी म्हणणार नाही. जानेवारी 2022 मध्ये केरळच्या 'मीडियावन' चॅनेलला परवानगीचे नूतनीकरण नाकारले गेले. कारण सुरक्षेचे होते, पण तपशील बंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांना दाखवण्यात आला. उच्च न्यायालयात चॅनेल हरले. 5 एप्रिल 2023 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हिमा कोहली यांच्या पीठाने तो निर्णय रद्द केला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला कारण कळलेच पाहिजे, सुरक्षेचे नाव घेतल्याने नैसर्गिक न्याय आपोआप बाजूला सरत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. आपल्या ता. क.मधील गाऱ्हाणे आकाराने लहान असले तरी जातीने तेच आहे.

आता मिळकतीविषयी. भाषणस्वातंत्र्याचे मोठे खटले मोजके असतात आणि त्यावर घर चालत नाही. घर चालते ते ट्राय या दूरसंचार नियामकाचे दर, थकबाकी आणि एमएसओबरोबरच्या (आपल्यासारख्यांना चॅनेल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपन्यांबरोबरच्या) करारांवर. 2019 मध्ये 100 चॅनेलचे 130 रुपये आणि त्यावर कर, ही व्यवस्था आली, तेव्हा घरोघरी झालेली भांडणे आपण सोसली आहेत. दर, थकबाकी आणि करारांचे वाद दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणापुढे जातात आणि तिथल्या वकिलाला हेडएंड (सिग्नल घेऊन पुढे सोडणारे केंद्र) काय, एलसीओ (स्थानिक केबल ऑपरेटर) काय, हे बहुधा पुस्तकातून शिकावे लागते. आपल्या कन्येला ते लहानपणापासून ठाऊक आहे. याखेरीज वृत्तवाहिन्यांच्या विधी विभागात प्रक्षेपणापूर्वी मजकूर तपासण्याचे काम असते, ते प्रामुख्याने मुंबईत आणि दिल्ली-नोएडात. 2021 च्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमून 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते, त्यामुळे तिथेही कायद्याची जाण असलेली माणसे लागतात. चॅनेलवर लक्ष ठेवणाऱ्या दिल्लीच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटरमध्ये कंत्राटी जागा निघतात, पण त्या कामाला पायरी समजावे, मुक्काम करू नये. सरकारी नोकरीचाच आग्रह असेल तर यूपीएससीतून भारतीय माहिती सेवा आहे.

भोपाळला जाऊन पत्रकारितेचे एम.ए. करण्याचा पर्याय तिने विचारला आहे, तो मी सध्या सुचवणार नाही. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करावी. देवी अहिल्या विद्यापीठात ती होते, आणि बाहेर पाठवण्याची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठ (सीयूईटी-पीजीमधून) व बेंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ (स्वतःच्या प्रवेशपरीक्षेतून) यांचे अर्ज भरावेत. पुढे सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. ज्युनियर म्हणून पहिली दोन-तीन वर्षे हाती फारसे काही पडत नाही, हे मी आपल्यापासून लपवत नाही. तेवढा काळ तिला घरून आधार देणे शक्य नसेल, तर बँकेची परीक्षा देऊन नोकरी सांभाळत कायदा शिकता येईल का, हे महाविद्यालयाच्या उपस्थितीच्या नियमांसह आधी तपासावे.

तोवर एक काम तिच्याकडे द्या. त्या दोन दिवसांच्या तारखा लिहून, कलम 19 खाली असा आदेश निघाला होता का आणि निघाला असल्यास त्याची प्रत मिळावी, एवढे दोनच मुद्दे असलेला माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिने स्वतः तयार करावा. शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. अर्जावर सही तिची असावी की आपली, हे व्यवसायाचा विचार करून आपणच ठरवा. उत्तर काहीही आले, किंवा आलेच नाही, तरी तो कागद घेऊन दोघांनी मला भेटावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, इंदूर