माफी मागितली तर वचक राहील का?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले, मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. मुलगा आठवीत, मराठी मीडियम. कन्नडच्या टेस्टमध्ये नापास झाला आणि पेपरवर माझी खोटी सही करून मोकळा झाला. टीचरचा फोन आला तेव्हा मी नुकताच ड्युटीवरून आलो होतो, घरात पाहुणे बसलेले, त्यांच्यासमोरच दोन मुस्काटात दिल्या. तेव्हापासून तो बोलत नाही, संध्याकाळच्या प्रार्थनेलाही मान खाली घालून बसतो. बायको म्हणते माफी मागा. चर्चमधले एक वडीलधारे म्हणतात बायबलमध्येच छडी सांगितलीय, बापानं वाकायचं नसतं. माफी मागितली तर वचक राहील का?

उत्तर: भाऊ, वहिनींचं ऐका. छडीची वचनं बायबलच्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात आहेत हे खरंय, पण तेच पुस्तक सुरुवातीपासून वाचा, पहिले नऊ अध्याय बाप मुलाला जवळ बसवून बोलतोय, परत परत "माझ्या मुला, माझ्या मुला" म्हणतोय, म्हणजे छडी जेवढी दिसते त्याच्या कितीतरी पट बोलणं आहे. आणि बायबलमध्ये मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं बघा. त्या काळी रोमी कायद्यात मुलांवर बापाची जवळजवळ अमर्याद सत्ता होती, अशा बापांनाच तो इफिसकरांस पत्रात, ६:४ मध्ये सांगतो की लेकरांना चिडीला आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. दोन्ही एकाच वचनात आहे, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही. त्याच्याच कलस्सैकरांस पत्रात, ३:२१ मध्ये तर कारणही दिलंय, पोरं खचतात. तुमचा पोरगा मान खाली घालून बसतो ते हेच आहे, त्याला उद्धटपणा समजू नका.

आता माफी कशाची ते नीट ठरवा. रागावलात त्याची नाही, हात उचललात आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा केलात त्याची. "मी मारलं ते चुकलं, मला माफ कर" एवढंच म्हणा, पुढे "पण तूही..." जोडलंत की सगळं वाया गेलं. पाहुण्यांसमोर मारलंत ना, मग पुढच्या वेळी ते आले की त्यांच्या कानावरही घाला. रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण पोरांच्या देखत देवाकडे क्षमा मागतो, मग पोराकडे मागायला कसली लाज? वचक कमी होईल म्हणता, तर मार चुकवायलाच त्याने सही केली असणार, असला वचक ठेवून करायचंय काय?

खोट्या सहीचा विषय मात्र सोडायचा नाही, तो वेगळ्या दिवशी घ्या. त्याने स्वतः टीचरना जाऊन सांगावं, तुम्ही सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या. आणि कन्नडचं काय? तुम्ही कामावर कन्नड बोलत असाल, तर रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा, अक्षर तुम्हाला जमत नसेल तर त्याला वाचायला लावा आणि अर्थ तुम्ही सांगा. ड्युटीवरून आल्या आल्या कुठलीच तक्रार ऐकू नका, हातपाय धुवा, चार घास खा, मग बोला, हे वहिनींनाही सांगून ठेवा.

माफी मागितल्यावर तो लगेच बोलेलच असं नाही. "केलंस ना माफ?" म्हणून मागे लागू नका, त्याला वेळ लागेल तेवढा लागू दे.