मुंबईची चांगली नोकरी सोडून नाशिकला साधं राहिलं तर माणूस खरंच सुखी होतो का?

होतो, पण खर्च मुंबईचाच ठेवलात तर नाही. पगार निम्म्यावर येईल ही तुमची भीती खरी आहे, माझाही आला. तिकडे एका कंपनीत अकाउंट्स बघायचो, आता रविवार कारंजाच्या आसपासच्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो.

माझे काही दोस्त गंगापूर रोडला ऐसपैस फ्लॅट घेऊन बसलेत आणि त्याचे हप्ते फेडायला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन करतात. सकाळी लवकर घर सोडायचं, रात्री जेवायलाच परत यायचं. त्याला नाशकात राहणं म्हणायचं तर म्हणा बापडे!

आम्ही पंचवटीत जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण होळकर पूल ओलांडला की माझं काम. गाडी विकून टाकली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली ते बघायला जमतं. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, यावर तासभर वाद. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचतो आणि कुणी विचारत नाही, कारण गिऱ्हाईकही तिथेच उभं असतं. मात्र सराफ बाजारातल्या दुकानदारांना त्यात गंमत वाटत नाही. त्यांना माल वर चढवायचा असतो.

संध्याकाळ मोकळी मिळते, हीच माझी खरी कमाई. १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय, आमचं 'सावाना', घरापासून चालत जाण्याजोगं आहे. पुस्तक बदलायचं, वाटेत मिसळ खायची, घरी यायचं.

आता गैरसोयी. तुमच्या क्षेत्रातलं काम इथे मिळेलच असं नाही. मोठ्या पगाराच्या जागा मोजक्या. सिंहस्थात पंचवटीत राहणाऱ्याला दूध आणायला निघणंही जड जातं. कंपनीचा विमा गेला की आरोग्य विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. ती सोय राजीनाम्याआधी करा. घर लगेच विकत घेऊ नका, एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढा. आणि बायकोला आधी विचारा. माझी लगेच हो म्हणाली, पण तिचं माहेर इथलंच.