परिविक्षा अधिकारी व्हायचं म्हणतेस, तर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढे गुन्हेगारी आणि न्यायाच्या क्षेत्रात समाजकार्य करायचं आहे, पण पोलीस भरतीकडे वळायचं नाही, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यातही परिविक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसरचं) काम तुझ्या मनात भरलंय, म्हणून तेच धरून लिहिते. परिविक्षा म्हणजे गुन्हा केलेल्याला तुरुंगात न धाडता अटींवर, देखरेखीखाली सोडणं. या कामाचा कणा म्हणजे अहवाल. घरी जाऊन, माणसं बघून चार पानांत असं लिहायचं की समोर बसलेल्या न्यायाधीशांना त्यावर आदेश देता यावा. पुढची तीन-चार वर्षं जे काही शिकशील, ते या एका कौशल्याकडे वळव.

आधी कायदा. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ अगदी छोटा आहे, दोन संध्याकाळी पुरतात. कलम ३ ताकीद देऊन सोडण्याचं, कलम ४ चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडण्याचं. कलम ६ मात्र नीट मुरव. दोषी ठरलेला २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद नसेल, तर त्याला थेट तुरुंगात धाडता येत नाही. धाडायचंच असेल तर न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणं नोंदवावी लागतात. कलम १२ प्रमाणे, परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. पोरगा पुढे नोकरीसाठी अर्ज करणार असतो, तेव्हा या कलमाची किंमत कळते. हा कायदा पुस्तकात आहे, पण वकील तो मागत नाहीत आणि अहवाल वेळेत येत नाही, म्हणून वापरला जात नाही. यातलं अहवालाचं दुखणं तुझ्या हातातलं आहे.

अठरा वर्षांखालच्यांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५. मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक तरी स्त्री. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा तुझा अहवाल, पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत द्यायचा आणि चौकशी चार महिन्यांत संपवायची. पंधरा दिवस ऐकायला बरे वाटतात. त्यात रविवार येतात, आषाढात रस्त्यावर दरड येते, वस्तीची एसटी रद्द होते आणि बाप मुंबईला कामावर असतो. आदेश हाती पडला त्याच दिवशी शाळेला, पोलीस ठाण्याला आणि घरी फोन कर. पहिली भेट चौथ्या दिवसाच्या आत झाली तर दुसऱ्या भेटीला जागा उरते, आणि खरी माहिती बहुतेक वेळा दुसऱ्याच भेटीत मिळते.

घरभेटीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कॉलेजात हे तासभरात उरकतात. कोकणात घर शोधायचं म्हणजे वाडीत विचारावं लागतं, आणि वाडीत विचारलं की "कोण तुम्ही, कशासाठी?" हे आलंच. तिथे मुलाचं नाव आणि "केस" हे शब्द एका वाक्यात आले, तर संध्याकाळपर्यंत देवळाच्या पारावर चर्चा. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आजोबांचं नाव किंवा घराची खूण फोनवरच विचारून घे, शासकीय गाडी लांब उभी कर, पोलिसाला सोबत नेऊ नकोस. एकटी जात असशील तर कुठे आणि किती वाजता जाते आहेस ते कार्यालयात लिहून ठेव आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघ.

पडवीत बसवतील, चहा येईल. चहा होईपर्यंत कागद काढू नकोस. घरात कोण कोण राहतं, कोण मुंबईला, पैसे कोण पाठवतं, मुलगा रात्री कुठे झोपतो, शेवटचा शाळेत कधी गेला, हे बोलण्याच्या ओघात येऊ दे. बहुतेकदा समोर आजी असते. तिचं ऐक, पण बापाशी फोनवर का होईना स्वतंत्र बोल. तो गणपतीला किंवा शिमग्याला येणार असेल आणि तारीख जुळत असेल तर प्रत्यक्ष भेट. मुलाशी घरच्यांसमोर एकदा आणि एकट्याशी एकदा बोल. त्याला "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नकोस. अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुला कळलं, तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाला सुरुवातीलाच सांग: तुझ्या सुरक्षिततेचं काही निघालं तर मला पुढे बोलावं लागेल, बाकी गोष्ट आपल्यात आणि मंडळापुरती राहील. मुलं हे समजून घेतात.

वयाचा कागद स्वतः बघ. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. जन्मतारीख १ जून दिसली तर मुख्याध्यापकांना विनंती करून शाळेचं जनरल रजिस्टर उघडून घे. प्रवेशाच्या सोयीसाठी ती तारीख टाकण्याची पद्धत आपल्याकडे होती. सतरा की अठरा, यावर त्या मुलाचं न्यायालय बदलतं.

आता लिहिणं. "मुलगा वाईट संगतीत आहे" या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. "मागचे चार महिने रात्री आठ ते अकरा जेटीवर बर्फ भरायला जातो, सोबतची मुलं १९-२० वर्षांची, मजुरी रोख मिळते, ती घरी देत नाही (आजी, दि. अमुक, मुलाने दुजोरा दिला)" यावर करता येतं. बघितलेलं, ऐकलेलं आणि तुझं मत हे तीन वेगळ्या परिच्छेदांत ठेव. कुणी सांगितलं ते प्रत्येक वाक्यामागे असू दे. मालवणीत, संगमेश्वरीत बोललेलं महत्त्वाचं वाक्य अवतरणात तसंच ठेव, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. आरोप खरा की खोटा यावर एक शब्दही लिहू नकोस, ते तुझं काम नाही.

शिफारशीत नवखे हमखास अडकतात. "समुपदेशनाची गरज आहे" असं लिहून मोकळे होतात. कुणाकडे, कुठल्या वारी, कुठल्या गाडीने? मंडणगडच्या मुलाला दर आठवड्याला रत्नागिरीला बोलावलं तर आईचा दिवस मोडतो, तिसऱ्या आठवड्यात येणं बंद होतं आणि कागदावर "अटींचा भंग" लागतो. जवळचं ग्रामीण रुग्णालय, शाळेतले एखादे शिक्षक, आयटीआयचा प्रवेश कधी सुरू होतो, हे आधी विचारून मगच लिही. मंडळ काय आदेश देऊ शकतं ते त्याच अधिनियमाच्या कलम १८ मध्ये आहे: ताकीद, समुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, तीन वर्षांपर्यंत परिविक्षा, शेवटचा पर्याय विशेष गृह. शिफारस त्या चौकटीत बसली पाहिजे. सामुदायिक सेवा आता मोठ्यांसाठीही शिक्षा म्हणून आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्याच वेळी केलेली पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, जिथे वस्तू परत दिली आहे, तिथे ती देता येते. अशी सेवा कुठे घ्यायची, हजेरी कोण लावणार, हे प्रश्न पुढे तुझ्यासारख्यांकडेच येतील.

जामिनाचं गणितही शीक. जामीन मंजूर होऊनही आत राहिलेली माणसं कोकणात सापडतात: बोटीवरचे परप्रांतीय खलाशी, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार. त्यांना इथे जामीनदार नाही. इथल्या माणसाचंही सोपं नाही. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं सामाईक, मग याचा हिस्सा किती ते कसं दाखवणार? दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम खटल्यात १९७८ सालीच सांगितलं. त्याच न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं, आणि सचिव त्या बंद्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाकडून मागवू शकतात. त्या अहवालावर न्यायालय अट सैल करू शकतं. पत्ता पडताळायचा असेल तर हंगाम बघून कर. १ जूनला मासेमारीबंदी लागली की खलाशी गावी जातात आणि तांडेलालाही (बोटीच्या प्रमुखालाही) त्यांचा ठावठिकाणा नीट सांगता येत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) कर, दोन वर्षं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा वेगळा अभ्यासक्रम आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. तो नाही मिळाला तर निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, कोल्हापूरची सायबर ही संस्था, कुठेही चालेल. संस्थेच्या नावापेक्षा क्षेत्रकार्य (फील्डवर्क) कुठे मिळतं ते महत्त्वाचं मान. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस असतात; ते निरीक्षणगृहात, बाल न्याय मंडळात किंवा कारागृहात माग. कारागृहाच्या परवानगीला वेळ लागतो, म्हणून प्रवेश झाल्या झाल्या विभागप्रमुखांच्या मागे लाग. एलएल.बी. नंतर करता येईल. माझ्या मते आधी माणसं बघायला शिकावं, मग कलमं जास्त खोल कळतात.

पोटापाण्याचंही लिहिते. परिविक्षा अधिकाऱ्याची नियमित पदं महिला व बाल विकास विभागाकडे असतात. जागा थोड्या आणि जाहिरात अनियमित. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखालची, कंत्राटी. मानधन कधी उशिरा येतं. घरच्यांना हे आजच सांगून ठेव, म्हणजे पुढे ओढाताण होणार नाही.

जूनपर्यंत वेळ आहे, तर तालुका विधी सेवा समितीत जाऊन विधी स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज दे. त्यासाठी पदवी लागत नाही. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. तोवर जवळच्या न्यायालयात सोमवारी सकाळी मागच्या बाकावर बस आणि जामिनाचे अर्ज कशावर अडतात ते वहीत टिप. त्या टिपणांवरून दोन पानी अहवाल लिहून मला पाठव; नावं, गाव, तारखा बदलून. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीन.

तुझी हितचिंतक

ता. क. : १०९८ ही बालकांसाठीची आणि १५१०० ही कायदेशीर मदतीची हेल्पलाइन आहे. दोन्ही नंबर फोनमध्ये आजच घालून ठेव, लोक तुला विचारायला लागतीलच.