शाकुहाची या जपानी बासरीचं ‘अस्सल’ वादन कोणतं?

आधी कोणत्या काळातलं अस्सल, ते ठरवा. डोक्यावर टोपली घालून फिरणाऱ्या कोमुसो भिक्षूंचं वादन लोक मूळ मानतात. पण त्यांना हक्क देणारी १६१४ची सनद बनावट असल्याचं अभ्यासक मानतात (बनावट सनदा आपल्यालाही नव्या नाहीत!). १८७१मध्ये तर सरकारने त्यांचा फुके पंथच बंद केला.

बरं, वाद्य तरी? आज मैफलीत दिसते ती बहुधा आतून लेप देऊन, घासून सुरात आणलेली. बिनलेपाच्या ‘जिनाशी’त पेरांचे उंचवटे थोडेफार राहतात, त्यामुळे प्रत्येक नग वेगळा बोलतो. त्यातला मूळ सूर कुठला म्हणायचा? मी तरी ‘अस्सल’ऐवजी वादनाच्या परंपरेचं नाव घेऊन ‘किन्को शाखेचं’, ‘मेइआन शाखेचं’ असंच म्हणतो.