लोकलला चालतं, सर्व्हरवर सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवताना एरर का येते?

तुमचा कार्टचा ऑब्जेक्ट स्वतःच्या मशीनवर सेशनमध्ये (प्रत्येक वापरकर्त्याची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) नीट बसतो आणि सर्व्हरवर टाकला की 'सेशन स्टेट सिरियलाइज करता येत नाही' म्हणून एएसपी डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) बोंब मारतं, बरोबर? कोड तोच, सेशन कुठे साठवायचं ते ठरवणारा मोड वेगळा. दोन्हीकडच्या वेब डॉट कॉन्फिग या सेटिंग फाइलमधली सेशनस्टेटची ओळ शेजारी ठेवून बघा.

लोकलला मोड बहुतेक इनप्रॉक असणार. त्यात ऑब्जेक्ट जसाच्या तसा मेमरीत राहतो, म्हणून काहीही खपून जातं. स्टेटसर्व्हर किंवा एसक्यूएलसर्व्हर मोडमध्ये तो बाइट्स करून (म्हणजेच सिरियलाइज करून) प्रोसेसच्या बाहेर पाठवावा लागतो. त्यासाठी क्लासच्या डोक्यावर 'सिरियलायझेबल' अ‍ॅट्रिब्यूट हवं. नुसतं कार्टवर लावून भागत नाही. कार्टमध्ये आयटमची लिस्ट असेल तर आयटमवरही, आणि बेस क्लास असेल तर त्यावरही. आतमध्ये डेटाबेस कनेक्शन धरून ठेवलं असेल तर त्या फील्डला 'नॉनसिरियलाइज्ड' करा. (खरं तर ते तिथे असायलाच नको.) क्लासमध्ये इव्हेंट असेल तर तोही बघा; त्याला जोडलेलं अख्खं पेजच सोबत ओढलं जातं. मी यात एक दुपार घालवली आहे.

सर्व्हरलाही इनप्रॉक करून टाका, असं कोणी सुचवेल. अ‍ॅप पूल (सर्व्हरवर तुमचं अ‍ॅप ज्यात चालतं ती प्रोसेस) रिसायकल, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू, झाला की मेमरीतलं सगळं जाऊन सगळ्यांची कार्टं रिकामी होतील.

मी तर सेशनमध्ये फक्त कार्टचा आयडी ठेवतो, बाकी डेटाबेसमधून.